मृत्युपत्र, नोटरी आणि घरी येणारा अधिकारी



नोव्हेंबर महिना ख्रिस्तसभेने मृतांच्या स्मरणासाठी राखून ठेवला आहे. २ तारखेला दफनभूमीत कबरींना आशीर्वाद देऊन आम्ही परत निघालो, तेव्हा फाटकापाशी आपल्याच धर्मग्रामातील एक आजी थांबल्या होत्या. त्या म्हणाल्या, "फादर, पोरगा अमेरिकेत आहे. तो म्हणते, तिथं नोटरी गाडी घेऊन घरीच येते, सह्या-शिक्के करून जाते. आपल्या इथं येते का जी कोणी? यायले तर आता खाटेवरून उठता येत नाही."

आजींना आम्ही त्या वेळी थोडक्यात सांगितले. पण हा प्रश्न एका घरापुरता नाही. मुले पुण्याला, आखाती देशांत, परदेशात आणि आईवडील इथे, अशी कुटुंबे आता आपल्याकडे पुष्कळ आहेत. म्हणून या रविवारच्या अभ्यासलेखासाठी आम्ही हाच विषय घेतला आहे.

आजींच्या प्रश्नाचे उत्तर आधीच देऊन टाकतो. होय, आपल्याकडेही अधिकारी घरी येऊ शकतो. मात्र मृत्युपत्रासाठी येणारा तो अधिकारी बहुधा नोटरी नसतो. आणि तो आला की काम झाले, असेही नाही. मृत्युपत्राचा खरा आधार शिक्का नसून खाटेपाशी उभी असलेली दोन प्रामाणिक माणसे असतात. एवढी एकच गोष्ट लक्षात राहिली तरी हा लेख वाचल्याचे सार्थक होईल.

मृत्युपत्र म्हणजे काय?

मृत्युपत्राला आपण इच्छापत्रही म्हणतो आणि हा शब्द अधिक नेमका आहे. सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना आम्ही ॲरिस्टॉटलचा नीतिविचार अभ्यासला. माणसाची कृती खरोखर त्याची स्वतःची केव्हा म्हणायची, असा प्रश्न तो विचारतो. दोन गोष्टी कृतीचे हे स्वेच्छापण नाहीसे करतात, असे तो सांगतो. एक म्हणजे जबरदस्ती आणि दुसरी म्हणजे अज्ञान. माणसाला ढकलून नेले तर ते चालणे त्याचे नव्हे आणि आपण काय करीत आहोत हेच त्याला ठाऊक नसेल, तर ती कृतीही त्याची नव्हे. संत थॉमस अक्वायनस यांनी हाच विचार पुढे नेला.

आपणा ख्रिस्ती लोकांना लागू असलेला भारतीय उत्तराधिकार कायदा १९२५ सालचा आहे. त्याची कलमे वाचताना आम्हांला हा जुना धडा आठवला. कलम ५९ म्हणते की सज्ञान आणि शुद्धीवर असलेली कोणतीही व्यक्ती मृत्युपत्र करू शकते. अंध, मूक वा बधिर माणसालाही ते करता येते, मात्र आपण काय करीत आहोत हे त्याला कळले पाहिजे. आजारपणामुळे किंवा नशेमुळे ते कळत नसेल, तर त्या अवस्थेत केलेले मृत्युपत्र चालत नाही. हा झाला अज्ञानाचा भाग. कलम ६१ म्हणते की फसवून, धाक घालून किंवा भंडावून सोडून करवून घेतलेले मृत्युपत्र रद्दबातल असते. हा जबरदस्तीचा भाग.

'भंडावून सोडणे' याकडे विशेष लक्ष द्या. कायद्याने दिलेल्या एका उदाहरणात एक दुबळा, आजारी माणूस आहे. दुसरा त्याच्या मागे लागतो आणि केवळ एकदाची शांतता मिळावी म्हणून तो सांगेल तसे मृत्युपत्र हा करून देतो. असे मृत्युपत्र अवैध आहे. हात धरून अंगठा उठवणे ही जबरदस्ती आहेच. पण रोज सकाळ-संध्याकाळ "बाबा, कागदाचं काय झालं?" असे विचारून आजारी माणसाला जेरीस आणणे हीदेखील जबरदस्ती ठरू शकते.

मृत्युपत्र केले नाही तर?

"आपल्यामागे मुले घेतील बघून," असे पुष्कळजण म्हणतात. मुलांच्या आधी कायदा बघतो, आणि तो काय बघतो हे आपल्यापैकी फार थोड्यांना माहीत असते.

समजा, एका गृहस्थाच्या नावे नऊ एकर शेत आहे. मागे पत्नी, दोन मुलगे, एक मुलगी आणि वृद्ध आई आहे. मृत्युपत्र नाही. आपल्या कायद्याप्रमाणे पत्नीला एक तृतीयांश, म्हणजे तीन एकर मिळतील. उरलेल्या सहा एकरांचे तिन्ही मुलांत समान वाटे होतील, प्रत्येकी दोन एकर. मुलगा आणि मुलगी यांत भेद नाही, मुलगी विवाहित असली तरीही नाही. केरळच्या त्रावणकोर भागात जुन्या कायद्यामुळे ख्रिस्ती मुलींना नाममात्र वाटा मिळत असे. मेरी रॉय यांनी त्याविरुद्ध लढा दिला आणि १९८६ साली सर्वोच्च न्यायालयाने तिथल्या मुलींनाही हाच समान हक्क दिला.

आता वृद्ध आईकडे पाहा. तिला काय मिळाले? काहीच नाही. शेजारच्या हिंदू कुटुंबात मृताची आई पहिल्या वर्गातील वारस असते. आपल्या कायद्यात मृताला मुले-नातवंडे असतील, तर त्याच्या आईवडिलांना वाटा नाही. मुलाच्या घरात राहणाऱ्या आईचा निवारा सुरक्षित ठेवायचा असेल, तर तसे मुलाने आपल्या मृत्युपत्रात लिहून ठेवावे लागते. क्रूसावर असतानाही प्रभूने आपल्या आईची सोय लावली, हे आपण दर शुभ शुक्रवारी ऐकतो. त्याचा आपल्या सातबाऱ्याशी काही संबंध आहे, असे मात्र आपल्याला वाटत नाही.

उलट बाजूही सांगितली पाहिजे. ख्रिस्ती माणसाच्या मिळकतीत मुलांना जन्माने हक्क मिळत नाही. वडिलांकडून वारशाने आलेले शेतही ज्याच्या नावे आले त्याचेच असते. मृत्युपत्राने तो ते कोणालाही देऊ शकतो. गोव्यात तसे नाही. तिथे पोर्तुगीज काळापासून चालत आलेल्या व्यवस्थेप्रमाणे ठरावीक वारसांसाठी निम्मी मिळकत राखून ठेवावी लागते. आपल्याकडे असे बंधन नाही. मनात आणले तर कोणी पत्नीलाही वगळू शकेल. कायद्याने एवढे स्वातंत्र्य दिले आहे, म्हणूनच विवेकावरची जबाबदारी अधिक आहे.

कागद कशाने पक्का होतो?

इथे आम्हांला एक कबुली द्यायची आहे.

पुष्कळ वर्षांपूर्वी आम्ही नुकतेच धर्मगुरू झालो होतो आणि दुसऱ्या एका धर्मग्रामात सहायक होतो. तिथे एक आजोबा अंथरुणाला खिळले होते. पत्नी वारली होती. तीन मुलांपैकी धाकटी मुलगी आणि जावई त्यांची सेवा करीत. राहते घर या मुलीला द्यावे, ही आजोबांची इच्छा होती. त्यांनी ती आमच्यापाशीही बोलून दाखवली होती. एका संध्याकाळी जावई कागद घेऊन मिस्सेनंतर सॅक्रिस्टीत आले. कागदावर आजोबांची सही होती आणि एका नोटरीचा शिक्काही होता. "फादर, साक्षीदार म्हणून सही करा," ते म्हणाले. आजोबांची सही आमच्या ओळखीची होती. माणसे चांगली होती. आम्ही सही केली. दुसरे साक्षीदार जावई स्वतः होते.

आजोबा गेल्यावर थोरल्या मुलाने आव्हान दिले. न्यायालयात वकिलांनी आम्हांला एकच प्रश्न विचारला, "मृत व्यक्तीने सही करताना तुम्ही पाहिले का? किंवा 'ही सही माझी आहे' असे त्यांनी स्वतः तुम्हांला सांगितले का?" आम्ही शपथेवर होतो. उत्तर एकच होते, "नाही." नोटरीनेही आजोबांना पाहिले नव्हते, कागद त्यांच्या टेबलावर गेला आणि शिक्का घेऊन परत आला. मृत्युपत्र टिकले नाही. घर विकले गेले, पैशांचे तीन वाटे झाले आणि सेवा करणारी मुलगी भाड्याच्या खोलीत गेली. सॅक्रिस्टीपासून त्या घरापर्यंतचे अंतर एक किलोमीटरही नव्हते. त्या संध्याकाळी आम्ही तेवढे चाललो असतो, तर निदान आमची साक्ष तरी टिकली असती.

त्यानंतर आम्ही कलम ६३ नीट वाचले. ते आपल्या शब्दांत असे सांगता येईल :

१. मृत्युपत्र करणाऱ्याने स्वतः सही किंवा अंगठा करावा. हात चालत नसेल, तर त्याच्यासमोर आणि त्याच्या सांगण्यावरून दुसरा कोणी सही करू शकतो.

२. किमान दोन साक्षीदार हवेत. प्रत्येकाने त्याला सही करताना पाहिलेले असावे, किंवा ती सही आपली असल्याचे त्याच्या तोंडून ऐकलेले असावे.

३. प्रत्येक साक्षीदाराने मृत्युपत्र करणाऱ्याच्या समोर सही करावी. दोन्ही साक्षीदार एकाच वेळी हजर असले पाहिजेत असे कायदा म्हणत नाही, पण तसे असणे केव्हाही चांगले.

स्टॅम्प पेपर लागत नाही. साध्या कागदावर, मराठीत, स्वतःच्या हाताने लिहिलेले मृत्युपत्रही चालते.

आणखी दोन कलमे आपणा ख्रिस्ती लोकांसाठी महत्त्वाची आहेत. कलम ६७ प्रमाणे साक्षीदाराला, किंवा साक्षीदाराच्या पतीला वा पत्नीला मृत्युपत्रात काही दिलेले असेल, तर ते देणे रद्द होते. म्हणजे त्या आजोबांचे मृत्युपत्र टिकले असते तरी जावई साक्षीदार असल्यामुळे मुलीचे घर गेलेच असते! तेव्हा ज्याला काही मिळणार आहे त्याला, किंवा त्याच्या जोडीदाराला साक्षीदार करू नका. शेजारी, डॉक्टर, शाळेतील सहकारी असे तटस्थ लोक घ्या. ते आपल्यापेक्षा वयाने लहान असावेत, कारण वाद झाला तर निदान एका साक्षीदाराला न्यायालयात येऊन सांगावे लागते. दुसरे, कलम ६९ प्रमाणे विवाह केला की आधीचे मृत्युपत्र आपोआप रद्द होते. विधुर वा विधवा असलेल्या ज्यांनी पुनर्विवाह केला आहे, त्यांनी आपला जुना कागद पुन्हा करावा.

नोटरीचे काम कोणते?

नोटरी हा १९५२ च्या नोटरी कायद्याखाली नेमलेला वकील असतो. कागदावर सही करणारा माणूस आपल्यासमोर होता, याची तो साक्ष देतो आणि आपल्या नोंदवहीत तशी नोंद ठेवतो. त्याने घरी येण्यास मनाई नाही. उलट नोटरी नियमांत त्याला प्रवासभत्ता घेण्याची तरतूद आहे. म्हणजे फिरता नोटरी ही केवळ अमेरिकेतली गोष्ट नाही.

पण मृत्युपत्र वैध होण्यासाठी आपल्याकडे नोटरीची गरज नाही. नोटरीचा शिक्का असला आणि दोन योग्य साक्षीदार नसले, तर ते मृत्युपत्र पडते. दोन योग्य साक्षीदार असले आणि शिक्का नसला, तर ते उभे राहते. अमेरिकेतही बहुतेक राज्यांत मृत्युपत्राचा पाया साक्षीदारांचाच आहे. साक्षीदारांचे शपथपत्र आधीच करून ठेवले की पुढे त्यांना न्यायालयात यावे लागत नाही, म्हणून नोटरी बोलावला जातो. आपल्या गोव्याच्या पाहुण्यांचे मात्र वेगळे आहे. तिथे मृत्युपत्र विशेष नोटरीसमोर करण्याची पद्धत आहे आणि हे काम निबंधकच पाहतो. त्यांनी सांगितलेली रीत वर्ध्याला लावू नये.

नोटरीसमोर होणाऱ्या दुसऱ्या एका कागदाविषयीही गैरसमज आहे. तो म्हणजे कुलमुखत्यारपत्र. "बाबांनी मला मुखत्यारपत्र दिले आहे, मृत्युपत्राची गरज नाही," असे काहीजण म्हणतात. मुखत्यारपत्र देणारा माणूस मरण पावला की ते मुखत्यारपत्रही संपते. त्याचे मन कायमचे भ्रमिष्ट झाले तरी ते संपते. तसेच बँकेतील नॉमिनी हा मालक नसतो, तो रक्कम वारसांसाठी स्वीकारणारा असतो. 'कालनिर्णय'चे संस्थापक जयंत साळगावकर यांच्या मृत्यूनंतर त्यांच्या शेअर आणि गुंतवणुकीविषयी वाद झाला. डिसेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यात निकाल दिला की नॉमिनी म्हणून नाव असल्याने शेअरची मालकी मिळत नाही. ती मृत्युपत्राने किंवा वारसाहक्कानेच ठरते.

घरी येतो तो दुय्यम निबंधक

मृत्युपत्राची नोंदणी सक्तीची नाही, पण ती केलेली बरी. १९०८ च्या नोंदणी कायद्याप्रमाणे ती केव्हाही करता येते. तालुक्याच्या दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात आपण शेतीच्या, घराच्या खरेदीसाठी जातो, तेच हे कार्यालय. मृत्युपत्राला मुद्रांक शुल्क लागत नाही, नोंदणी शुल्कही थोडेसेच असते. नोंदणी झाली की कागद हरवण्याची, फाडला जाण्याची भीती उरत नाही.

आता आजींचा प्रश्न. ज्याला उठता येत नाही त्याने काय करावे? याच कायद्याच्या कलम ३१ प्रमाणे खास कारण असेल, तर अधिकारी मृत्युपत्र नोंदवून घेण्यासाठी घरी येऊ शकतो. कलम ३८ मध्ये शारीरिक दुर्बलतेमुळे जो धोका वा मोठा त्रास पत्करल्याशिवाय कार्यालयात येऊ शकत नाही, त्याचा विचार केला आहे. त्याच्यासाठी अधिकाऱ्याने स्वतः घरी जावे किंवा आयुक्त नेमून पाठवावा, असे कायदा म्हणतो. तुरुंगात असलेल्या माणसालाही हीच सोय आहे. याला कार्यालयात 'गृहभेट' म्हणतात. सेवाग्राम वा सावंगीच्या रुग्णालयात खाटेवर असलेल्या माणसासाठीही असा अर्ज करता येतो.

अर्ज साधा असतो. रुग्णाचे नाव, पत्ता, येता न येण्याचे कारण आणि सोबत डॉक्टरांचा दाखला जोडावा. हा दाखला आम्ही दोन गोष्टींसाठी मागून घ्यायला सांगतो. शरीराने माणूस उठू शकत नाही, हे त्यात असावे; आणि मनाने तो पूर्ण शुद्धीवर आहे, हेही असावे. मृत्युपत्र आधी तयार ठेवावे, साक्षीदार आणि सर्वांची ओळखपत्रे जवळ असावीत. अधिकारी रुग्णाची ओळख पटवतो, कागद त्याचाच आहे ना हे विचारतो आणि त्याच्या बोटांचे ठसे घेतो.

ज्यांना मृत्युपत्रातील मजकूर हयातीत कोणालाच कळू द्यायचा नाही, त्यांच्यासाठीही वाट आहे. मृत्युपत्र मोहोरबंद पाकिटात घालून जिल्हा निबंधकाकडे ठेवायला देता येते.

पण एक मर्यादा ओळखून राहा. निबंधक वाटणी न्याय्य आहे का, हे पाहत नाही. नोंदणी केली म्हणून साक्षीदारांतील दोष झाकला जात नाही. आणि नोंदणी केलेले मृत्युपत्रही माणूस हयातीत केव्हाही बदलू शकतो; शेवटचे वैध मृत्युपत्र खरे. दिलाशाची बाब ही की २००२ च्या दुरुस्तीपासून भारतीय ख्रिस्ती माणसाच्या मृत्युपत्रासाठी न्यायालयाकडून प्रोबेट घेण्याची सक्ती उरलेली नाही.

नोटरी खरोखर लागतो तो कागद

एक कागद मात्र असा आहे जिथे नोटरीला घरी बोलावणे उपयोगाचे ठरते. आपण बोलू शकणार नाही अशा आजारपणात कोणते उपचार करावेत आणि कोणते थांबवावेत, हे आधी लिहून ठेवण्याचा अधिकार सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली मान्य केला. तेव्हा त्यावर न्यायदंडाधिकाऱ्याची सही लागे. जानेवारी २०२३ मध्ये ही अट सोपी झाली. आता दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी यांच्यासमोर तो कागद करता येतो.

ख्रिस्तसभेची शिकवण इथे स्पष्ट आहे. जीव घेणे कधीच मान्य नाही. पण मरण जवळ आले असता, लाभापेक्षा ओझेच अधिक असे उपचार नाकारणे म्हणजे जीव घेणे नव्हे. १९८० च्या व्हॅटिकनच्या घोषणापत्रात हा भेद सांगितला आहे. रुग्णाची नेहमीची शुश्रूषा मात्र सोडू नये. असा कागद करण्यापूर्वी डॉक्टर आणि धर्मगुरू दोघांशी बोला.

खाटेपाशी आपण कसे वागावे?

रुग्णाभ्यंगासाठी आम्ही घरोघरी जातो. कधी कधी प्रार्थना चालू असतानाच उशीखालून कागद डोकावताना दिसतो. म्हणून काही गोष्टी सांगाव्याशा वाटतात.

पहिली, मृत्युपत्र निरोगी असताना करा. पन्नाशी उलटली, घर झाले, मुलीचे लग्न ठरले की बसून लिहा. शेवटच्या आठवड्यात केलेल्या कागदावर संशयाची छाया पडतेच. १९५८ च्या एका निकालात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले आहे की मृत्युपत्राभोवती संशयास्पद परिस्थिती असेल, तर तो संशय दूर करण्याची जबाबदारी मृत्युपत्र पुढे आणणाऱ्यावर असते. ज्याला मोठा लाभ मिळतो त्यानेच लिहून घेण्यात पुढाकार घेतला असेल, तर हे ओझे आणखी वाढते.

दुसरी, मजकूर वाचून दाखवा. माणूस निरक्षर असेल, दृष्टी गेली असेल, तर त्याच्या रोजच्या बोलीत समजावून सांगा आणि तसे केल्याची नोंद कागदावर करा. त्या वेळी ज्यांना लाभ मिळणार आहे त्यांनी खोलीबाहेर जावे. हे कायद्यात लिहिलेले नाही, पण माणसाला मोकळेपणी 'नाही' म्हणता येईल अशी जागा करून देणे हे प्रेमाचे काम आहे. जिथे 'नाही' म्हणता येत नाही, तिथल्या 'होय'ला किंमत नसते.

तिसरी, चर्चविषयी. पूर्वी कलम ११८ प्रमाणे भाचा-पुतण्या किंवा त्याहून जवळचे नातलग असलेल्या ख्रिस्ती माणसाला धार्मिक वा धर्मादाय कामासाठी मृत्युपत्राने मिळकत देताना जाचक अटी होत्या. मरणापूर्वी निदान बारा महिने मृत्युपत्र झालेले असावे लागे. जॉन वल्लामट्टम या कॅथलिक धर्मगुरूंनी त्याला आव्हान दिले आणि जुलै २००३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते कलम घटनाबाह्य ठरवले. आता अशी देणगी देण्यास मोकळीक आहे. म्हणूनच आम्ही स्पष्ट सांगतो : आपली पत्नी, आई, अपंग मूल यांची सोय करण्याआधी चर्चचे नाव लिहू नका. आणि ज्या मृत्युपत्रात या धर्मग्रामाला काही दिले असेल, त्यावर आम्ही साक्षीदार म्हणून सही करणार नाही. इतर मृत्युपत्रांवर करू, पण कागद आमच्याकडे आणू नका. आम्ही तुमच्याकडे येऊ.

शेवटी

आपल्या जिल्ह्यातील सेवाग्रामला गांधीजींचे वास्तव्य होते, त्या काळातली एक गोष्ट आहे. आपले म्हणावे असे काहीच आपल्यापाशी नाही, असे मानणाऱ्या या माणसाने १९४० साली मृत्युपत्र केले आणि आपल्या लेखनाचे हक्क नवजीवन संस्थेला दिले. १९४८ मध्ये त्यांचा मृत्यू झाल्यानंतर साठ वर्षे, म्हणजे २००८ अखेरपर्यंत, ते हक्क त्या संस्थेकडे राहिले. ज्याला मिळकतीचा मोह नव्हता त्यानेही कागद नीट केला. कारण तो कागद मागे राहणाऱ्यांसाठी असतो.

शुभवर्तमानात एक मनुष्य प्रभूकडे भावासोबतच्या वाटणीची तक्रार घेऊन येतो. प्रभू वाटणी करून देत नाही, लोभापासून सावध करतो. वाटणीचे काम त्याने आपल्यावर सोडले आहे. ते आपण हयातीत, शुद्धीवर असताना आणि मोकळ्या मनाने करावे.

त्या आजींच्या घरी पुढच्या आठवड्यात गृहभेटीचा अर्ज भरायला आम्ही जाणार आहोत. अजून कोणाला मदत हवी असेल, तर रविवारच्या मिस्सेनंतर सांगावे.

लघुख्रिस्ती समूहात चर्चेसाठी प्रश्न :

१. आपल्या घरातील वृद्ध आईवडिलांच्या निवाऱ्याची आपण कोणती सोय केली आहे?

२. आजारी माणसाला आपण कधी नकळत भंडावून सोडतो का?

३. साक्षीदार म्हणून सही मागितली गेली, तर 'मी आधी त्यांना भेटेन' असे म्हणण्याचे धैर्य आपल्यात आहे का?

प्रभू आपणा सर्वांना शांती देवो.

आपला धर्मगुरू